दोमितीलच्या नवऱ्याचं बंड

इलारियाँ कादोरेत नावाच्या नोटरीने इंग्रज गव्हर्नराविरुद्ध बंड पुकारलं ते न्यायाधीशाची जागा हुकली म्हणून. कॅनडातल्या रिशल्यू नदीकाठच्या आमच्या सँ-गोदाँस गावात ही गोष्ट एकट्या दोमितीलला माहीत होती, कारण ती त्याची बायको होती. बाकी गावाला वाटलं, साहेबांना फ्रेंच रयतेचे हाल बघवत नाहीत.

इलारियाँ कादोरेत मूळचा जमीनदाराच्या गिरणीवरच्या गिरणीवाल्याचा पोरगा. एका म्हाताऱ्या नोटरीकडे नकला काढता काढता स्वतः नोटरी झाला. गावाची खरेदीखतं, मृत्युपत्रं, लग्नाचे करार सगळं त्याच्याच हातचं. करारनाम्याची भाषा त्याच्या तोंडात अशी बसली की जेवतानाही तो म्हणे, "ज्याअर्थी सूप गार झालेलं आहे, त्याअर्थी ते पुन्हा गरम करण्यात यावं." लोहाराची लेक दोमितील सूप गरम करी आणि मनात म्हणे, याला लग्नाआधी एकदा तरी जेवताना ऐकायला हवं होतं.

पण गावाला असली भाषा फार आवडे. जे कळत नाही ते मोठंच असणार, असा गावाचा हिशेब. त्यांनी इलारियाँला निवडून क्युबेकच्या सभागृहात पाठवलं. सर्वांत खूश झाला तो दोमितीलचा धाकटा भाऊ तेओफील. बापामागे लोहारकाम तोच बघत होता. भावोजींचं भाषण कळो न कळो, टाळी पहिली याची.

क्युबेकमध्ये इलारियाँ दिवसा गव्हर्नरावर कडाडे आणि संध्याकाळी त्याच्याच मेजवानीला जाई. घरी आला की सांगे, "माणूस मोठा सुसंस्कृत आहे हो." मग अठराशे सदतीस साली न्यायाधीशाची जागा निघाली आणि ती एका स्कॉटिश माणसाला मिळाली. त्याला फ्रेंचमध्ये धड 'नमस्कार'सुद्धा म्हणता येत नव्हतं. इलारियाँ घरी आला तो उंच टोपी खुर्चीवर आदळतच.

"जुलूम! हा निव्वळ जुलूम आहे!"

"परवापर्यंत तर ते सुसंस्कृत होते," दोमितील म्हणाली.

"तुला राजकारणातलं काय कळतं?"

"काही नाही. टोपी चेपली तेवढं दिसतंय."

त्या उन्हाळ्यात पुढाऱ्यांनी ठरवलं, विलायती कापड अंगाला लावायचं नाही. दोमितील मागावर बसली आणि नवऱ्यासाठी करडं, जाडंभरडं लोकरी कापड विणलं. कोट शिवून झाला तसा तो म्हणाला, "हे टोचतंय. आतून रेशमी अस्तर लाव."

"कुठलं रेशीम?"

"ते आहे ना, लंडनचं."

"अहो, पण इंग्रजांचं..."

"अस्तर कुणाला दिसत नाही!"

तिने अस्तर लावलं. असा हा कोट घालून नोटरीसाहेब रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहिले आणि गरजले, "घरातले चमचे वितळवा! त्यांच्या गोळ्या करा!" सगळ्या गावाने हात वर केले. दुपारपासून तेओफीलच्या भट्टीपुढे बायकांची रांग लागली. शेजारची आर्कांज ब्वालो लग्नातले कथलाचे चमचे घेऊन आली. दुसऱ्या दिवसापासून तिच्या घरी एकाच लाकडी पळीने आळीपाळीने सूप पिणं सुरू झालं. दोमितील आपल्या घरचा खण उघडायला गेली तर नवरा आडवा आला.

"ते चांदीचे आहेत."

"चांदी वितळत नाही वाटतं?"

"वडिलोपार्जित आहेत, दोमितील."

"तुमचे वडील लाकडी चमच्याने जेवायचे. मी वाढलंय त्यांना."

खण उघडला नाही.

नोव्हेंबरात खबर आली की सोल्जर निघालेत आणि नोटरीच्या नावाचं वॉरंट आहे. लढायचं तर नदीकाठची दगडी गिरणी धरायची, असं ठरलेलं होतं. पायऱ्यांसमोर ज्यांनी हात वर केले होते त्यांतले बरेचसे त्या सकाळी मेपलच्या रानात सरपण आणायला गेले. एवढं सरपण गावाने कधी तोडलं नव्हतं. गिरणीत जमली ती मूठभर माणसं, जुन्या शिकारी बंदुका घेऊन. त्यांत तेओफील होता आणि आर्कांजचा नवरा होता.

इलारियाँ कमरेला लाल पट्टा बांधून आला. "मंडळी, तुम्ही गिरणी धरून ठेवा. मी वरच्या गावांतून कुमक घेऊन येतो."

तेओफीलचे डोळे चमकले. "भावोजी, माझा घोडा घ्या. कालच नाल ठोकलेत."

दोमितील भाकरी घेऊन आली होती. तिने लगाम धरला. "वरची गावं उत्तरेला आहेत. तुम्ही तोंड दक्षिणेला का केलंय?"

"डावपेच असतात, बाई. तुला नाही कळायचं."

"दक्षिणेला अमेरिकेची सरहद्द आहे. तेवढं मला कळतं."

तेओफीलच तिच्यावर चिडला. "ताई, आज तरी टोचून बोलू नकोस ना!" तिने लगाम सोडला. गेला घोडा चिखल उडवत दक्षिणेला.

सोल्जरांनी तोफ आणली होती. दिवस मावळायच्या आत गिरणीचं छप्पर खाली आलं. चौघे मेले. तेओफील खिडकीशी पडला, वरच्या रस्त्याकडे बघत. आर्कांजचा नवरा त्याच्याच पायाशी. दुसऱ्या दिवशी सोल्जरांनी घरं पेटवली. नोटरीचं घर पहिलं. दोमितीलने माग बाहेर ओढला, चांदीच्या चमच्यांकडे ढुंकून पाहिलं नाही.

फादरनी चर्चच्या आवारात पुरायला नकार दिला. "राजसत्तेविरुद्ध शस्त्र धरणाऱ्याला पवित्र माती नाही. बिशपसाहेबांचा हुकूम आहे."

"आणि शस्त्र धरा म्हणून सांगून पळणाऱ्याला कसली माती असते, फादर?" दोमितीलने विचारलं. फादरनी दार लावून घेतलं. गायरानाच्या कुंपणापलीकडे जमीन गोठून दगड झाली होती. दोमितील आणि आर्कांज, दोघींनी भट्टीतल्या पहारी आणल्या आणि चौघांसाठी एकच खड्डा खणला.

नाताळच्या तोंडावर सरहद्दीकडून एक फेरीवाला आला. दोमितील तेव्हा आर्कांजच्या गोठ्यात राहत होती; शाबूत उरलेलं छप्पर तेवढंच होतं.

"साहेब सुखरूप आहेत, बाई. तिकडे अमेरिकेत, व्हरमाँटात. त्यांनी लोकरी मोजे मागितलेत. वस्तरा आणि तपकिरीची डबीसुद्धा."

दोमितीलने त्याला हाताला धरून जळक्या घराच्या राखेपाशी नेलं. "घ्या शोधून."

फेरीवाला घुटमळला.

"घोडा कुठंय माझ्या भावाचा?"

"विकला असं ऐकलं."

"कोण मेलं, कोण जगलं, विचारलं त्यांनी?"

फेरीवाल्याने गाठोडं खांद्यावर टाकलं आणि वाट धरली.

पुढची वर्षं तिने मागावर काढली. आर्कांज सूत काततेय, ही विणतेय, असं दोघींचं चाललं. मग माफी जाहीर झाली आणि एका वसंतात इलारियाँ परत आला, अंगाने भरलेला, गालांवर तेज. गावाने फिडल वाजवत त्याला आणलं. रानात सरपणाला गेलेल्यांचा आवाज सर्वांत मोठा. चर्चच्या त्याच पायऱ्यांवर उभा राहून तो म्हणाला, "गिरणीवरच्या तोफांचा धूर अजून माझ्या डोळ्यांत झोंबतो..."

"धूर व्हरमाँटपर्यंत आला होता का हो?" गर्दीतून दोमितीलने विचारलं.

कोणी हसलं नाही. चर्चचा कारभारी मोईझ लापाल्म तिची बाही ओढत पुटपुटला, "गप बस, बाई. झालं गेलं होऊन गेलं." लढाईच्या दिवशी हा मोईझ गवताच्या गंजीत होता, त्याच्या बायकोनेच त्याच्यावर गवत पसरलं होतं. दोमितीलने आजूबाजूचे चेहरे पाहिले आणि तिला उमगलं. नोटरी पळाला म्हणायचं तर आपण कुठे होतो हेही सांगावं लागेल. त्यापेक्षा नोटरी शूर असलेला सगळ्यांनाच परवडत होता.

निवडणूक आली तसा इलारियाँ तिच्या मागापाशी येऊन उभा राहिला. विरोधक टिंगल करत होता की याची बायकोसुद्धा याच्याशेजारी बसत नाही.

"दोमितील, ज्याअर्थी आपण अद्याप पतिपत्नी आहोत..."

"सरळ बोला. काय हवंय?"

"व्यासपीठावर बस. एक दिवस."

तिने धोटा खाली ठेवला. "चौघांना चर्चच्या आवारात आणा. मग बसते."

"फादर ऐकणार नाहीत."

"बोलण्यात तुमचा हात धरणारा कोण आहे? बोला की."

तो बोलला. फादर नवे होते, त्यांच्या चर्चला घंटा हवी होती आणि इलारियाँने घंटेचं वचन दिलं. बिशपच्या हुकुमाला वाट सापडली. बर्फ वितळल्यावर गायरानापलीकडचा खड्डा उकरला आणि चार पेट्या आल्या. नव्या खड्ड्याच्या कडेला उभं राहून नोटरीसाहेबांनी लांबलचक भाषण केलं. "तेओफील माझ्या खांद्याला खांदा लावून लढला! माझ्या या हातांत त्याने प्राण सोडला!" लोक रडले. मोईझ तर हुंदके देत होता.

आर्कांज दात खाऊन कुजबुजली, "बोलू का मी? सांगू सगळ्यांना?"

"माती पडू दे आधी," दोमितील म्हणाली. तिने आर्कांजचा हात इतका घट्ट धरला की ती कळवळली. फादरनी पाणी शिंपडलं, माती पडली, क्रूस रोवला गेला. तोवर भाषण संपून लोक वाटाण्याच्या सुपाकडे वळले होते. कुणाला सांगायचं?

ठरल्या दिवशी दोमितील व्यासपीठावर बसली. सबंध दुपार ती मोजे विणत होती. नवऱ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही. लोकांना तो तिचा विनय वाटला. इलारियाँ दणक्यात निवडून आला.

दुसऱ्या दिवशी गाडी दाराशी उभी करून तो म्हणाला, "चल, आवर. माँरेआलात घर घेतलंय. पाहुणे येतील, यजमानीण नको का?"

"बसायचं ठरलं होतं. बसले."

"लोक काय म्हणतील?"

"तुम्ही सांगाल ते म्हणतील. आजवर तेच म्हणत आलेत."

तो थोडा वेळ गाडीत बसून राहिला. ती येईल असं त्याला खरंच वाटत असावं. मग त्याने चाबूक उचलला. दोमितील आत वळली आणि आर्कांजला म्हणाली, "सूत दे गं. ताणा लावायचा राहिलाय."