पेंटर आहेत का?

आमच्या गल्लीत पेंटर म्हटलं की आमचे हे. खरं नाव पोस्टमनला ठाऊक असलं तर असेल. उभा जन्म दुकानांचे बोर्ड रंगवण्यात गेला. बाजारात माझ्याबरोबर आले की पिशव्या माझ्याकडे देऊन स्वतः मान वर करून आपलीच अक्षरं वाचत चालायचे. प्रत्येक बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात ह्यांची तिरकी सही, खाली लांब शेपूट. पुढे छापील बोर्ड आले आणि ह्यांचे एकेक करून उतरले. ब्रश माळ्यावर गेले. 'पेंटर' ही हाक तेवढी उरली, आणि तिला हे जिवापाड जपायचे.

भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, वरच्या खोलीत राहतात. एकटा जीव. दातांच्या डॉक्टरांसाठी जन्मभर कवळ्या बनवल्या. निवृत्त झाल्यावर वेळ जाईना, म्हणून त्यांनी एक बोटभर उंचीची करडी मूर्ती आणली. मुलांच्या चित्रकथेतली उडणारी बाई. मुठी कमरेवर, केस उडालेले, पाठीवर फडफडणारी शाल. ती रंगवायला बसले. शाल नारिंगी, पोशाख निळाशार, बूट पोपटी. हसऱ्या तोंडातला एकेक दात वेगळा काढला, आणि तोही पांढराशुभ्र नाही, किंचित पिवळसर. मला म्हणाले, "वहिनी, अगदी पांढरे दात दिसले की समजायचं, खोटे आहेत."

मला मूर्ती आवडली. मी तसं बोलून बसले, आणि ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"भडक आहे," म्हणाले.

ज्या माणसाने आयुष्यभर लालावर पिवळं ओढलं, त्याने हे म्हणावं! नावडतीचं मीठ अळणी, दुसरं काय.

मग एक दिवस चौकातला पुस्तकवाला दारात येऊन उभा राहिला. "पेंटर आहेत का?" ह्याच गृहस्थाने ह्यांचा बोर्ड उतरवून तिथे छापील लावला होता. पण हे सगळं विसरले, लगबगीने चांगला शर्ट चढवून बाहेर आले.

"बोला. अक्षरं केवढी हवीत?"

पुस्तकवाला ओशाळला. "तुम्ही नाही हो, काका. वरचे पेंटर. त्यांची ती मूर्ती दुकानाच्या काचेत ठेवायची आहे. उद्या सकाळी न्यायला येतो, एवढं सांगाल का त्यांना?"

ह्यांनी निरोप दिला नाही. मी दिला. हे तो चांगला शर्ट तसाच अंगावर ठेवून भिंतीकडे तोंड करून बसले. जेवायला हाक मारली तर "भूक नाही." खरं सांगते, जळत होते. थोडी मीही जळले. पेंटरीणबाई म्हणून मिरवायची मला काय कमी हौस होती?

संध्याकाळी भाऊजी मूर्ती रुमालावर धरून खाली आले. डोळे राहिले होते. दोनदा काढून पाहिले, दोन्ही वेळा बाई तिरळी झाली.

"दादा, डोळे तू काढ. माझा हात दातांच्या पुढे चालत नाही."

ह्यांनी आधी भरपूर भाव खाल्ला. मग माझी विणायची सुई मागून घेतली आणि तिच्या टोकाला कापूस गुंडाळला. बोर्ड रंगवताना हात हलू नये म्हणून मनगटाखाली अशीच एक काठी टेकवायचे. सुईवर मनगट ठेवलं, श्वास रोखला, ब्रशचं टोक टेकवलं. एक ठिपका, मग दुसरा. बाई एकदम आमच्याकडे बघायला लागली.

भाऊजी "वा, दादा!" म्हणेपर्यंत ब्रश पिवळ्यात बुडून खाली गेलासुद्धा. मूर्तीच्या चौथऱ्यावर, उजव्या कोपऱ्यात, तिरकी सही. शेपटासकट.

हात सवयीने गेला की पोटात दुखत होतं म्हणून गेला, ते मी आजवर विचारलेलं नाही. भाऊजींचा चेहरा मात्र पार उतरला.

"राहू दे," ते म्हणाले. "तुझी सही लोक ओळखतात तरी. मला कुठे सही आहे? कवळीवर सही करत नाहीत, दादा. कामाला जाताना जिकडेतिकडे तुझं नाव. इतका जळायचो तुझ्यावर, की लांबच्या रस्त्याने जायचो."

हे बघतच राहिले. धाकटा भाऊ आपल्यावर जळत होता, आणि ही गोड बातमी इतक्या उशिरा कळावी! थोड्या वेळाने त्यांनी ओल्या कापसाने सही पुसली, अगदी शेपटापर्यंत, आणि ब्रश भाऊजींच्या हातात दिला.

"कर तुझी. दुसऱ्याच्या कामावर सही करणाऱ्यातला मी नाही."

जसं काही मघाची सही शेजाऱ्याने येऊन केली होती!

भाऊजींनी ओठ दाताखाली धरून आयुष्यातली पहिली सही केली. जाडजूड, आणि शेवटचं अक्षर उतारावरून घसरल्यासारखं खाली गेलेलं. ह्यांनी चष्मा लावला, वाकून वाकून ती पाहिली, आणि सकाळपासून आंबलेला चेहरा असा काही खुलत गेला म्हणून सांगू!

"छान आहे हो," म्हणाले. त्या मूर्तीला ह्यांच्या तोंडून मिळालेला पहिला चांगला शब्द.

मग माझ्याकडे वळले. "वाढ गं. भूक लागलीय."