शेफालीले पार लावलं

माझं डोकं फिरलेलं आहे, आधीच सांगते. शेफालीले कोणी ‘बांगलादेशी’ म्हटलं का मी त्याच्या अंगावरच जाते. लोक म्हणतात, विमलताई भांडकुदळ झाली. झाली तं झाली.

माझ्या शेजारच्या उकंडानं तिले नागपुराकडच्या विटाभट्टीवरून आणलं. तिचे मायबाप बंगालातल्या मालदा जिल्ह्याचे. गंगेनं घर-शेत गिळलं म्हणून भट्टीवर आलेले. आमच्या फुलसावंगीच्या विहारात लग्न लागलं. पहिलं वर्ष बाई नुसती हसे. मग अशी वऱ्हाडी शिकली का बाजारात भाजीवाल्याले दटावे, “काहून रे बावा, सडके कांदे गळ्यात मारून राह्यला?” आम्ही पोट धरधरून हसो. सासू पंचफुलाबाई अंथरुणाले खिळली, तवा हिनंच तिचं सगळं काढलं. पोटच्या लेकी नुसत्या पाहून जात.

पंचफुलाबाई गेली त्या दिवशी शेफाली तिच्या पायावर पडून रडली. आमच्याकडं बाया गुण सांगत रडतात. तिनंही सांगितले, पण बंगालीत. मायसारखं माणूस गेल्यावर कोणत्या भाषेत रडावं, हे का ठरवता येते वो? मले एक शब्द कळला नाही, तरी माझे डोळे थांबत नव्हते. अन् मौतीले आलेल्या कोण्या मुडद्यानं ते मोबाइलात घेतलं अन् “गावात घुसलेली बांगलादेशी” म्हणून जिकडंतिकडं पाठवून देलं.

पंचफुलाबाईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी गाडी आली. ती भाजी चिरत होती, तिथूनच तिले उठवलं. कुठले पोलीस, कुठं नेता, काही सांगत नव्हते. आधार कार्ड दाखवलं तं म्हणे, “हे कोणालेही भेटते.” मी गाडीले आडवी झाली.

“साहेब, चोवीस तासांत कोर्टापुढं उभं करा तिले. वकील द्या.”

“ताई, हे कायद्याचं काम आहे.”

“मग कायद्यानं करा ना!”

गाडी निघाली. तिची लेक मैत्रेयी फाट्यापर्यंत मागं धावली.

नागपूरच्या वकीलबाईनं, सुनीतीताईनं, हायकोर्टात अर्ज टाकला. “तिचं म्हणणं एकदा न्यायाधीशानं ऐकलं का सुटलीच समजा,” असं त्या म्हणाल्या. तारीख लागली. उकंडानं तिच्यासाठी धुतलेलं लुगडं पिशवीत घातलं. तारखेच्या आदल्या दिवशी कळलं, तिले केव्हाच बांगलादेशच्या सीमेवर नेऊन पलीकडं ढकलून देलं होतं. आग लागो अशा घाईले!

पुढची खबर सुनीतीताईच्याच फोनवर आली. तिकडच्या पोलिसायनं शेफालीले धरलं, कोर्टात नेलं, वकीलही देला. न्यायाधीशानं सगळं ऐकून घेतलं अन् निकाल देला का ही बाई भारतीय आहे, परवान्याशिवाय त्यायच्या देशात आली. म्हणून तुरुंगात टाकलं.

उकंडा भिंतीले टेकून ऐकत होता.

“विमलताई, म्हणजे ते म्हणून राह्यले का शेफाली आपली आहे?”

“हो रे बावा.”

“त्यायच्या कोर्टानंच सांगितलं. मग आता आपले लोक आणतीन ना तिले?”

सुनीतीताई फोनवर होत्या. फोन तळहातानं झाकून मी म्हटलं, “आणतीन.”

तो उठला अन् मैत्रेयीले सांगाले घरात गेला.