खंडेनवमीला वाळवलेली मेम्ब्रेन

खंडेनवमी म्हटली की आजही माझं डोकं फिरतं. सणाचा काही दोष नाही. दोष आमच्या सरांचा आहे, आणि हे मी कुणापुढेही सांगायला तयार आहे.

नागपूरच्या एका प्रयोगशाळेत मी त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होते. पॉलिमरच्या द्रावणात कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक पोकळ नळ्या मिसळायच्या, काचेवर त्याचा पातळ थर ओढायचा आणि काच पाण्यात बुडवायची. थर घट्ट होतो, कागदासारखा सुटून येतो. ही मेम्ब्रेन. घाण पाणी तिच्यातून ढकललं की घाण अलीकडे, पाणी पलीकडे. पथ्य एकच, यंत्रात बसवेपर्यंत तिला पाण्यातून काढायचं नाही. वाळली की छिद्रं मिटतात, मग कितीही भिजवा, उघडत नाहीत.

माझी मावशी उमरेडजवळच्या गावात राहते. खाणीशेजारच्या त्या गावातल्या विहिरीचं पाणी तांबूस, त्यात डाळ शिजत नाही. पंचायत टँकर मागवायची. आमचं यंत्र तिथे बसवायचं ठरलं तेव्हा मावशी ग्रामसभेत उभी राहिली. "माह्या भाचीनं बनवलं आहे. आता टँकर कायले पाहिजे?" पंचायतीला तेवढंच हवं होतं. टँकर बंद झाला.

खंडेनवमीला सरांनी प्रयोगशाळेत हत्यारांची पूजा मांडली. मी सुट्टीत शहराबाहेर बेसा गावी, घरी होते. दसरा करून आले तर माझ्या मेम्ब्रेन पाटावर, झेंडूच्या फुलांखाली! ट्रेमधून काढून, फडक्यानं कोरड्या पुसून, हळदकुंकू लावलेल्या. पूजेतली वस्तू दसऱ्याआधी हलवायची नाही, म्हणून तशाच ठेवलेल्या. पापडासारख्या कडकडीत झाल्या होत्या. आणि हे करणारा माणूस कोण? मेम्ब्रेन ओली ठेव, असं मला पहिल्याच दिवशी दटावणारा!

"सर, या गेल्या कामातून. नव्या करायला वेळ द्या."

"काहून एवढी तापून राहिली तू? भिजव आणि लाव. पाहुण्यांले बोलावणं गेलं आहे."

मी लावणार नाही म्हटलं. त्यांनी स्वतः लावल्या.

उद्घाटनाला पंप नुसता घरघरत राहिला, पण नळाला पाणी आलं, स्वच्छ! मी मागे जाऊन पाहिलं. विकतच्या पाण्याचा कॅन नळीला जोडलेला. इतका निर्लज्जपणा मी आयुष्यात पाहिला नव्हता. पाहुणे पाणी प्याले, फोटो निघाले, गाड्या गेल्या. मग बायका पुढे सरकल्या. मावशीचा गुंड, तिचा पाण्याचा हंडा, अर्धाही भरला नाही तोच कॅन संपून नळ बंद.

"काहून वं, काय झालं?" तिनं मला विचारलं.

मी सरळ स्टेजवर चढून माइक हातात घेतला. पूजा, वाळलेल्या मेम्ब्रेन, कॅन, सगळं सांगितलं. रागानं आवाज फाटत होता. सर खालून "तमाशा नको करू" म्हणत होते. मला वाटलं, आता बायका या माणसाला सोडत नाहीत.

सर गाडीत बसून निघून गेले. त्यांना कुणी अडवलं नाही. बायका मावशीभोवती गोळा झाल्या होत्या.

"तुह्या भरोशावर टँकर सोडला आमी," शेजारीण तिला म्हणत होती. "आता लेकराईले काय पाजू? सांग नं वं!"

मावशी खाली मान घालून उभी होती. मी हाक मारली, तिनं वर पाहिलं नाही.