पानाच्या कडेचा घास

फोन आला तेव्हा मी जेवायला बसले होते. राजापेठेतल्या आमच्या घरात साडेअकराला माझं ताट वाढलेलं असतं, आणि त्यात पाच मिनिटं इकडची तिकडे झालेली मला खपत नाहीत. पहिला घास हातात होता. पलीकडून अकोल्याचा वसंता बोलत होता, माझ्या थोरल्या जाऊबाईंचा मुलगा. "काकू, आई गेली." अशा वेळी माणसानं काय विचारावं? कधी, कशानं, कोण होतं जवळ... मी विचारलं, "जेवल्या होत्या का?" तो म्हणाला, "हो काकू. अर्धी पोळी खाल्ली. घास काढून ठेवला व्हता, तो तसाच हाये. बायका म्हनतात उचला. मले उचलवून नाई राहिलं." मी फोन ठेवला. माझ्या हातातला घास कुठे ठेवावा तेच मला कळेना.

या गोष्टीला आता सव्वा महिना होऊन गेला. बाई, म्हणजे या जाऊबाई, गेल्या तेव्हा चौऱ्याऐंशीच्या होत्या, मी अठ्ठ्याहत्तरची आहे, म्हणजे या वयात कुणी गेलं की लोक 'सोनं झालं' म्हणतात आणि चहा घेतात. बाईंबद्दल चांगलं लिहायचं तर पुष्कळ आहे. काळ्या जमिनीतली नांगरट त्यांना पुरुषांपेक्षा जास्त कळायची, बाळापूरच्या बाजारात त्यांच्याशी वांग्याचा भाव करायला व्यापारी कचरायचे. पण मला त्यांच्या त्या घासाबद्दलच लिहायचं आहे, कारण त्यात मी गुंतलेली आहे. तिखटमीठ न लावता सांगते. तिखट त्यात आधीच भरपूर आहे.

लग्न होऊन मी बाळापूरजवळच्या आमच्या खेड्यात गेले ती अमरावतीची बी. ए. पास सून म्हणून. नाकावर चष्मा, ट्रंकेत सहा पुस्तकं, आणि डोक्यात त्याहून जास्त हवा. आल्यावर आठवड्याच्या आत मी सासूबाईंना जंतू म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि ऐकता ऐकता माझ्याकडून दोन पायल्या ज्वारी निवडून घेतली. अशी मी हुशार! गावात उजेड आणायला आपल्याला खास पाठवलं आहे, असं मला मनापासून वाटे. आज ती पोरगी माझ्यासमोर आली तर मी तिचा चष्मा काढून घेईन आणि म्हणेन, आता बघ नीट.

बाईंची चिमी माझ्या लग्नाच्या आधीच्या उन्हाळ्यात गेली होती. साडेतीन वर्षांची. तापात तिनं ठेचा-भाकर मागितली होती. ताप उतरला की देते, असं बाई म्हणाल्या होत्या. ताप उतरला नाही. तेव्हापासून बाई जेवायला बसल्या की आधी भाकरीचा एक तुकडा मोडायच्या, त्यावर चिमूटभर ठेचा ठेवायच्या आणि तो घास ताटाच्या डाव्या कडेला, जमिनीवर पळसाच्या पानाच्या तुकड्यावर ठेवायच्या. बोलायच्या काहीच नाहीत. स्वतः मात्र जेमतेम चार घास खायच्या. जेवणं झाली की सासूबाई तो तुकडा केरसुणीनं सुपलीत ओढायच्या आणि परसात फेकायच्या. हातानं नाही, केरसुणीनं. गेलेल्या लेकराचा घास अंगाला चिकटतो म्हणायच्या. मला तर सक्त ताकीद होती, नव्या नवरीनं त्या बाजूला बघायचंसुद्धा नाही.

मग काय, मी बघितलं. एका दुपारी आम्ही दोघीच जेवत होतो. गोठ्यात म्हैस सुटली म्हणून बाई पानावरून उठल्या. घास तिथंच होता. मी तो उचलून तोंडात टाकला. त्या परत आल्या की हसून सांगायचं होतं, बघा, मला काही झालं का? एवढंच. अंधश्रद्धा निर्मूलन, एका घासात. पण बाळापूरकडच्या मिरचीनं माझं बी. ए. काही मानलं नाही. डोळ्यांत पाणी आलं, ठसका आला, मी भिंतीकडे तोंड करून घटाघट पाणी प्यायले. वळून बघते तर बाई दारात उभ्या. त्यांची नजर पळसाच्या रिकाम्या पानावर होती. त्या हळूच खाली बसल्या, त्या पानावर तळहात ठेवला आणि म्हणाल्या, "खाल्लं."

बस, एवढंच. आणि त्या दिवशी त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या. वर्षभर अन्नाकडे पाठ फिरवलेली ती बाई दोन भाकरी जेवली, आणि भांडी घासताना काहीतरी गुणगुणत होती. आता मी कोणत्या तोंडानं सांगणार की तुमची चिमी आली नव्हती, मी होते? उद्या सांगू म्हटलं. मग पोळ्यानंतर सांगू. मग दिवाळीनंतर...

पुढे मला दोन मुलं झाली, धडधाकट. आम्ही बिऱ्हाड अमरावतीला हलवलं, बाई वसंताकडे अकोल्याला गेल्या. पण सणावारी, लग्नकार्यात, जेव्हा जेव्हा आम्ही शेजारी जेवायला बसलो, तेव्हा त्यांनी घास काढला. नेहमी आमच्या दोघींच्या मध्ये. आणि जेवण होईपर्यंत त्या मधूनमधून तिकडे बघत राहायच्या. पुन्हा कधी तो घास कुणी खाल्ला नाही. मला वाटे, मी या बाईला एका दुपारी आशा दाखवली आणि पन्नासच्या वर वर्षं वाट बघायला बसवलं. घास अंगाला चिकटतो हे सासूबाईंचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं होतं. त्या बरोबर होत्या. मला तो वेगळ्या ठिकाणी चिकटला होता. कधी एकटी जेवताना डाव्या बाजूला कुणी बसलंय असं वाटून मी दचकायचे.

गेल्या हिवाळ्यात माझी नात ऋचा आम्हा दोघींना पुण्याला घेऊन गेली, तिचं नवं घर दाखवायला. मी बडनेऱ्याला गाडीत बसले, बाई अकोल्याला चढल्या, आणि मी ठरवलं की आता सांगायचं. गाडीत नाही सांगितलं, डबा उघडला होता. घरी नाही सांगितलं, ऋचा होती. तिसऱ्या दिवशी ऋचानं आम्हाला दुपारी जेवायला बाहेर नेलं. मलेशियाचं जेवण मिळतं असं लहानसंच हॉटेल, सात-आठ टेबलं, लाल प्लास्टिकची स्टुलं, भिंतीवर पदार्थांचे फोटो. आत शिरताच दिसलं, एक माणूस कणकेचा गोळा हवेत झटकून झटकून पातळ करत होता, धुतलेलं धोतर वाळत घालताना झटकावं तसा. दुसरा या मगातून त्या मगात हातभर उंचीवरून चहा ओतत होता. बाई थांबून बघत राहिल्या. "हा चहा करून राहिला का चहाशी भांडून राहिला?"

"मोठी आजी, हळू बोल ना," ऋचा म्हणाली.

"काहून? त्याले वऱ्हाडी समजते का?" मग स्टुलावर टेकत, "हे मलेशिया कुठी येते वं सुमन? तू बी. ए. हायेस." म्हटलं, बाई, समुद्राच्या पलीकडे. "मंग बरं झालं इथंच आलं."

ऋचानं मासळी-अंडं वगळून, शाकाहारी चटणी असलेलं जेवण मागवलं. आलं ते केळीच्या पानावर. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, काकडीच्या चकत्या, तळलेले शेंगदाणे आणि लालभडक चटणी. शिवाय ती झटकलेली रोटी, सोबत डाळ. बाईंनी रोटीचे पदर बोटांनी सोडवून बघितले. "पराठा नि वरन! एवढ्या लांबून हेच आनलं?" पण इथं हातानं जेवलेलं चालतं हे कळल्यावर त्या खूश झाल्या. चारच दात उरले होते, त्यामुळे मऊ भात त्यांना फार आवडला. शेंगदाणे त्यांनी एकेक करून माझ्या पानात टाकले. मी चटणीला शिवले नव्हते. डॉक्टरांनी तिखट बंद केल्याला आठ वर्षं झाली होती.

आणि मग बाईंनी केळीच्या पानाचा कोपरा फाडला. त्यावर रोटीचा तुकडा, थोडा भात, वर ती लाल चटणी. पानाचा तो तुकडा त्यांनी टेबलावर ठेवला, सॉसच्या बाटलीच्या अलीकडे, आमच्या दोघींच्या मध्ये. ऋचा मोबाइलमध्ये होती. दुपारचं ऊन काचेतून टेबलावर आलं होतं, गाणी वाजत होती. चिमी इथंही आली. पुण्यात, मलेशियाच्या जेवणाला. साडेतीन वर्षांचीच.

जेवण झालं. ऋचा बाईंना हात धुवायला घेऊन गेली. तेवढ्यात टेबल आवरायला हॉटेलातली एक मुलगी आली. तिनं पानं उचलून बादलीत टाकली, फडकं फिरवत फिरवत त्या तुकड्यापर्यंत आली. सासूबाईंची केरसुणी मला दिसली, अगदी डोळ्यांसमोर. 'राहू द्या' म्हणता आलं असतं. एवढे शब्द मला येतात, बी. ए. नसते तरी आले असते. पण माझा हात आधी गेला. मी तो घास उचलला आणि तोंडात टाकला.

काय सांगू! जिभेपासून कानापर्यंत जाळ. डोळे भरून आले, नाक वाहायला लागलं, ठसक्यावर ठसका. आणि मान वर केली तर बाई समोर उभ्या, पदराला हात पुसत. त्यांनी पानाच्या रिकाम्या तुकड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. खाली बसल्या. आपला पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला.

"पानी पे," त्या म्हणाल्या. "तवाही तुले असाच ठसका लागला व्हता."

मी पाणी प्यायले की नाही आठवत नाही. ऋचा काउंटरवर होती. मी विचारलं, "बाई, तुम्हाला मालूम होतं? मंग 'खाल्लं' काहून म्हणाल्या?"

"खाल्लंच नाई का? तूच तं खाल्लं." पानाचा तो तुकडा त्या बोटांनी सपाट करत राहिल्या. "वर्षभर माह्या लेकीच्या घासाले कोनी हात लावला नव्हता, सुमन. केरसुनीनं काढत. जसं काही घान... तू हातानं उचलला. तोंडात घातला. मले वाटलं, या घरात एक तरी हाये." मग म्हणाल्या, "मंग म्या रोज तुह्या बाजूनंच ठेवत गेली. म्हटलं, पुन्हा खाशीन."

एवढी वर्षं त्या पानाकडे बघत होत्या असं मी समजत होते... त्या माझ्याकडे बघत होत्या.

"भेली व्हती तू," बाई म्हणाल्या. "येडी, बह्याड." आणि त्या हसल्या. मग तो फेसाचा चहा आला, तो त्यांनी दोन वेळा मागवून घेतला. परतीच्या गाडीत अकोल्याला उतरताना म्हणाल्या, "येजो वं. जेवाले येजो." मी येते म्हटलं. उन्हाळा होऊ दे म्हटलं, मग गुडघे दुखतात म्हटलं. मला सगळं नंतर करायची सवय आहे, ते तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. मी थेट तेरवीलाच गेले. तिथं जेवायला बसले तेव्हा माझ्या डाव्या बाजूची जमीन पुसून स्वच्छ केलेली होती.

आता मी साडेअकराला बसते तेव्हा आधी एक तुकडा मोडते. त्यावर ठेचा ठेवते, डॉक्टरांना सांगू नका. ताटाच्या डाव्या कडेला ठेवून मी उठते, मोरीत जाते, पुन्हा हात धुते, नळ उगाच जास्त वेळ चालू ठेवते. घरात माझ्याशिवाय कुणी नसतं. परत येताना लगेच तिकडे बघत नाही. आधी पाटाकडे बघते, मग ताटाकडे, मग...

घास तिथंच असतो.

मग मी बसते आणि तो हातानं उचलून खाते. ठसका लागतो. पाण्याचा ग्लास मी मुद्दाम थोडा लांब ठेवलेला असतो, पलीकडच्या बाजूला, कुणी सरकवला तर बरं होईल इतका.