सत्यशीलाचा बिल्ला

पौषातली सकाळ. गर्भगिरीच्या अंगानं वारा सुटलेला, आणि तो असा की कानाला फडकं बांधल्याशिवाय माणूस उंबऱ्याबाहेर पाय टाकणार नाही. वीज यायला अवकाश होता. तेवढ्यात सत्यशीलानं गिरणीचा दगड उतरवून पोत्यावर आडवा टाकला, पदर नाकातोंडावरून आवळला आणि छिन्नी-हातोडी घेऊन दगडाला टाकी लावायला बसली. दगड गुळगुळीत झाला की दाणा दळत नाही, नुसता चेंगरतो. मग पीठ तापतं आणि भाकरी थापताना चिरते. टाकीचा आवाज रिकाम्या गल्लीतून पार मारुतीच्या पारापर्यंत जात होता. अडवायला मधे माणूसच नव्हतं. ज्याला म्हणून कोयता धरता येतो तो दिवाळी झाली तसा ऊसतोडीला गेलेला. मागं राहिली म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि कुत्री.

पाथर्डीच्या डोंगरपट्ट्यातल्या ह्या गावाला हे नवं नाही. सत्यशीलानं आणि तिच्या नवऱ्यानं, सहादेवनं, कितीतरी हंगाम असेच काढले. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरून घसरला आणि सहादेवचा पाय कायमचा आखडला, तेव्हा दोघांनी कोयता खुंटीला लावला आणि राहुरीकडून एक जुनी गिरणी आणली.

गिरणीचा बिल्ला तिनं काढला तो सासूपायी. दोघं तोडीला जाताना म्हातारीच्या हातावर हंगामाचे पैसे ठेवून जायचे. म्हातारी ते कनवटीला लावायची. मग कोण भाचा यायचा, कोण जावई यायचा, आत्ते, दोन दिवसांत देतो म्हणायचा. संक्रांतीला म्हातारीच्या कनवटीत सुपारी राहायची. पुढं फाल्गुनात पोरं परत येईस्तोवर ती कुणाकुणाच्या दारात पीठ मागायची, आणि हे सत्यशीलाला कळलं ते सासू गेल्यावर, शेजारणीच्या तोंडून.

म्हणून गिरणी सुरू झाली तशी तिनं गोड्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, त्याचे रुपयाएवढे गोल बिल्ले केले आणि प्रत्येकावर खिळ्यानं जात्याची खूण ठोकली. एक बिल्ला म्हणजे एक पायली दळण. टोळी निघायच्या आधी घरातल्या कर्त्यानं गिरणीवर पैसे भरायचे आणि तेवढे बिल्ले म्हातारीच्या हवाली करायचे. जावई बिल्ला घेऊन काय करणार? शेवगावच्या बाजारात त्यावर दारू मिळत नाही. गावात मात्र तो चालायला लागला. कानिफनाथ किराणावाला बिल्ल्यावर चहा-साखर द्यायचा आणि आपल्या घरचं दळण त्याच बिल्ल्यांवर करून न्यायचा. न्हावी घ्यायचा. देवीच्या ओटीत बिल्ले पडायला लागले, तेव्हा पुजारी जरा कुरकुरला, पण पुजाऱ्याला तरी पीठ लागतंच की.

कित्येक वर्षं हे विनातक्रार चाललं. मग गेल्या दसऱ्याला करण आला.

करण सहादेवचा पुतण्या. तालुक्याला काचेच्या दाराचं ऑफिस, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, बोटात अंगठी. मुकादमांनी ऊसतोडीची उचल वाटली होती, घराघरात नोटा होत्या, आणि त्याच आठवड्यात ह्यानं पारावर मोबाईल काढला. त्याचं म्हणणं, पैसे घरी कुजवू नका, कॉईनमधी टाका. हा कॉईन हातात धरायचा नाही, मोबाईलमधी दिसतो आणि रोज वाढतो. लोक हसले. मग त्यानं एक व्हिडिओ लावला. त्यात टाय घातलेला माणूस सांगत होता की सरकार स्वतःचा डिजिटल रुपया आणतंय आणि खाजगी कॉईनवर बंदी येऊ शकते.

इथवरचं खरं होतं. अशी चर्चा वर चालू आहे, वर्षानुवर्षं चालू आहे. पण करणनं व्हिडिओ तिथंच थांबवला आणि पुढचं स्वतः सांगितलं. खाजगी कॉईन म्हणजे कुठला? तर काकूचा बिल्ला. सरकारचा नव्हं ना? मग खाजगीच. तो एका रात्रीत बंद होणार, जशा नोटा झाल्या होत्या. आणि त्याच्या कॉईनचं काय? तर त्याच्या नफ्यावर सरकार शेकडा तीस टॅक्स घेतं. ज्याच्यावर सरकार टॅक्स घेतं, ते बेकायदा कसं असेल?

आता ह्याला काय उत्तर द्यावं? शेतसारा भरला की जमीन आपली, घरपट्टी भरली की घर आपलं, हे पिढ्यान्‌पिढ्या अंगात मुरलेल्या लोकांना ते पटलं. पटणारच. आणि नोटाबंदीचं नाव निघाल्यावर तर गावाचं काळीजच हाललं. तेव्हा म्हाताऱ्यांनी डाळीच्या डब्यातनं काढलेल्या नोटा कुणी घेतल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी गिरणीपुढं पोत्यांची रांग लागली. ज्याच्याकडं जेवढे बिल्ले, तेवढं सगळं दळण त्याला आत्ताच पाहिजे. बिल्ला मेला तर मेला, पीठ तरी हातात राहील. सत्यशीला ओरडून सांगत होती की बाबांनो, ही बाजरी हाय. बाजरीचं पीठ पंधरा दिवसांत कडू होतं, हे दूधपित्या पोराला ठाऊक. तुमी का उगं म्हातारीचं तोंड कडू करता? लोक मान हालवायचे आणि पोतं पुढं सरकवायचे. तिला नाही म्हणता आलं असतं. सहादेव म्हणालाही, शटर ओढ. ती म्हणाली, "बिल्ला आणला आन मी दळलं न्हाई, तर करन बोलला तेच खरं झालं." आणि ती दळत राहिली, वीज असेल तेव्हा, पट्टा तुटेस्तोवर, तो सांधून पुन्हा. पत्र्याचा डबा बिल्ल्यांनी भरून गेला आणि गावातली एकूण एक बाजरी पीठ होऊन बसली.

नवे बिल्ले कुणी घेतले नाहीत. बिल्ल्यांत जायचे ते पैसे करणकडं गेले.

गावाच्या वरच्या आळीला दगडाबाई राहते. तिचा एकुलता भागवत टोळीबरोबर गेला, जाताना आईला सांगून गेला की आये, तुझ्या हंगामाचे पैसे कॉईनमधी हायत, संक्रांतीला दीडपट होतील, तवर पीठ हायच. पैसे त्याच्या मोबाईलमध्ये, आणि मोबाईल त्याच्याबरोबर कारखान्याच्या फडात. दगडाबाईनं महिनाभर ते कडू पीठ खाल्लं. गूळ लावून खाल्लं, कांद्याबरोबर खाल्लं. मग पोट धरून पडली. नुसती तीच नाही; त्या मार्गशीर्षात घरोघर म्हाताऱ्यांच्या तोंडाला ती कडू भाकरी होती आणि तक्रार करायची कुणाकडं, तर दळून तर आपणच आणलेलं.

पौष लागला आणि कॉईन बंद पडला. म्हणजे बंदी नाही आली; ॲप उघडेना एवढंच. करणचा फोन लागेना, काचेच्या दाराला कुलूप. सहादेव आणि कानिफनाथ ठाण्यावर गेले. तिथल्या साहेबांनी पाणी दिलं, नीट ऐकून घेतलं, तक्रार लिहून घेतली, तपास करू म्हणाले. निघताना सहादेवनं विचारलं, साहेब, ह्या कॉईनला सरकारची बंदी हाय का? साहेब म्हणाले, बंदी नाही. मग परवानगी हाय का? तशी परवानगी पण नाही. मग टॅक्स कशाचा घेता? साहेब म्हणाले, ते दिल्लीला विचारा. त्यांचंही खोटं नव्हतं.

पण माणसाच्या तळपायाची आग मस्तकाला जाते ती इथं. बंदी घालायची तर घाला, हिंमत असेल तर. नसेल घालता येत तर तसं सांगा, नियम करा, कोण दुकान मांडतो त्याच्यावर नजर ठेवा. पण दार ना उघडं ना बंद असं ठेवायचं, वर दारात बसून जकात घ्यायची, आणि आत कुणी कुणाला नागवलं तर आमचा संबंध नाही म्हणायचं, ह्याला काय राज्य म्हणतात? करणसारखी पोरं त्या अर्ध्या उघड्या दारातूनच आत येतात. सरकारचा डिजिटल रुपया खरोखर चांगला असेल, असूही शकेल. पण त्याच्या नुसत्या बातमीनं गावातलं पीठ कडू झालं, हे कुठल्या समितीला कळणार आहे?

तर त्या सकाळी टाकी चालू असताना दगडाबाई डोक्यावर पाटी घेऊन आली. पाटीत शेजारच्या गावातून उसनवारी करून आणलेली बाजरी. ती पायरीवर टेकली, आणि तिच्या मागोमाग मोटारसायकलीवरून भाऊसाहेब उतरले. भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. राहुरीकडचा, कानटोपी घातलेला, तसा भला पोरगा. कुणीतरी वर अर्ज केला होता की गावात खाजगी चलन चालतं. बिल्ले आजच्या आज जमा करून घ्या, असा त्यांना आदेश होता. म्हणाले, ताई, माझा नाइलाज आहे. सरकारच्या पैशासारखं दुसरं काही चालवणं गुन्हा होतो म्हणे. उद्या डिजिटल रुपया आला की आजींच्या पण मोबाईलमध्ये थेट पैसे पडतील.

"तिच्याकडं मोबाईल न्हाई," सत्यशीला म्हणाली. "आन रेशनच्या मशिनीवर तिचा अंगठा उठत न्हाई. कोयत्यानं घासून गेलाय."

भाऊसाहेबांनी ते ऐकून घेतलं. मग त्यांनीही एक विचारलं, आणि त्यात तथ्य होतं. म्हणाले, "ताई, तो रुपया सरकार गेलं तरी बुडत नाही. तुम्हाला उद्या काही झालं, तर ह्या पत्र्याला कोण विचारील?"

सत्यशीलाची टाकी थांबली. हे खरंच होतं. ती गेली तर बिल्ला म्हणजे तेलाच्या डब्याचा तुकडा.

दगडाबाई पायरीवरून म्हणाली, "मग ती हाय तवर तरी चालू द्या की, बाबा."

भाऊसाहेब हसले, आणि हसल्याची त्यांना लाज वाटली. सत्यशीला मात्र हसली नाही. ती उठली, हात झटकले.

"भाऊसाहेब, करनचा कॉईन तुमी का जमा करून न्हाई घेतला?"

ते म्हणाले, तो इंटरनेटवर असतो, परदेशातून चालतो, त्याला हात लावता येत नाही.

"म्हंजी हाताला लागतं तेवढंच बंद," ती म्हणाली. "ज्यानं लुटलं त्यो आभाळात, आन जिनं दळून दिलं ती हिथं बसलीय म्हनून गुन्हेगार व्हय? डबा देते की. पन मग हंगामभर रोज सकाळी तुमी हिथं येऊन बसायचं, आन ह्या म्हाताऱ्यांच्या पिठाचं बघायचं. लिहून द्या तसं."

सहादेव दारात येऊन उभा होता, तो बायकोला म्हणाला, जाऊ दे, नको बिल्ले, म्हाताऱ्यांना असंच दळून देऊ. तो मनापासून बोलला होता. पण दगडाबाईनं पाटी ओढून जवळ घेतली.

"फुकट न्हाई. फुकटचं खायचं आसतं तर दारोदार गेले नसते का? माझ्याकडं पैसं न्हाईत, ते भागवतनं आभाळात पेरलं. पन घरामागं गोवऱ्यांचा ढीग हाय. पाटीभर गोवऱ्या आन एक बिल्ला, चालंल का, शीले?"

सत्यशीला सहादेवकडं बघत राहिली आणि मग भाऊसाहेबांकडं. ती त्याच क्षणी नाही म्हणाली असती तरी तिला कुणी दोष दिला नसता. कागद आला होता, गुन्ह्याचा शब्द निघाला होता, आणि लंगड्या पायाचा नवरा घरात. तिनं कोपऱ्यातला डबा आणला, दगडाशेजारी ठेवला आणि भाऊसाहेबांच्या समोर त्यातून मूठ भरून बिल्ले दगडाबाईच्या ओच्यात टाकले.

"गोवऱ्या सवडीनं आन," ती म्हणाली. "आन वरच्या आळीला सांग, ज्याच्याकडं पैसं न्हाईत त्यानं सरपन आनावं, भाजी आनावी, काय आसंल ते. पन फाल्गुनापातूर कुनी कडू खायचं न्हाई."

"ताई, मला हे वर कळवावं लागेल," भाऊसाहेब म्हणाले.

"कळवा. करनच्या तक्रारीच्या कागदाखाली ठिवा, म्हंजी कवाच सापडायचा न्हाई."

भाऊसाहेबांनी आदेश घडी करून खिशात घातला, डब्याला हात लावला नाही, आणि मोटारसायकल वळवून गेले. पुढं ते काय कळवतील कुणास ठाऊक. पुन्हा येतील, नाही तर त्यांच्या जागी दुसरा कुणी येईल, कदाचित पोलिसाला घेऊन. गावाला त्याचा अंदाज आहे आणि सत्यशीलालाही.

दगडाबाईनं ओच्यातला एक बिल्ला काढून सत्यशीलाच्या हातावर ठेवला. सहादेवनं आणि तिनं मिळून दगड पुन्हा चढवला, पेच आवळला. तेवढ्यात वीज आली, भिंतीवरचा दिवा लागला. सत्यशीलानं पट्टा चढवला, पाटी उचलली आणि बाजरी गिरणीत ओतली.