कर्ण्यातून गेलेला आहेर

लग्नात मी मान खाली घातली ती नवरी म्हणून, असं सगळ्यांना वाटलं. वाटू दे. मी लाजेनं अर्धमेली झाले होते, आणि ती लाज निराळीच होती.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई नुकतीच संपली होती. माझ्या थोरल्या भावानं लष्करी भंगारातून रेडिओचे काचेचे व्हॉल्व मिळवून आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर स्वतः जोडला होता. भिसेगावात तेव्हा वीज कुठली? त्यानं लॉरीची बॅटरी लावली, कर्णा आंब्यावर चढवला. पुढं त्याचा कारखाना झाला, लोक त्याला साहेब म्हणू लागले. तेव्हा मात्र आई उठता-बसता त्याला रिकामटेकडा म्हणायची. चौक गावचा एक गॅरेजवाला शेठ मुद्दाम मांडवात येऊन बसला होता. आवाज पसंत पडला तर तो दादाला भांडवल देणार होता.

मंगलाष्टकं झकास वाजली, पार स्टेशनापर्यंत. शेठ मान डोलावत होता. मग आहेर सुरू झाला. आमच्यात आहेर मोठ्यानं पुकारतात; पण एरवी वाजंत्र्यांच्या गोंगाटात कोण ऐकतंय? या खेपेला काकांच्या हातात माईक. त्यांना आपलाच आवाज इतका आवडला की विचारू नका!

माझा मामा माथेरानात हातरिक्षा ओढायचा. पहाटेच डोंगर उतरून आला होता.

"मुलीच्या मामाचा आहेर! एक खण, एक नारळ!" आणि माईक तोंडाशीच धरून काका पुटपुटले, "बस्स? एवढंच?"

ते पुटपुटणं गावभर गेलं. रस्त्यापलीकडची माणसंसुद्धा फिदीफिदी हसली. मामा माझ्या पाठीशीच उभा होता. माझ्या खांद्यावरचा त्याचा हात हळूच निघाला. वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

दादानं धावत जाऊन बॅटरीची तार उपटली. कर्णा गप्प. शेठ उठलाच. "ऐन वेळी बंद पडतं की हो तुमचं यंत्र!" म्हणून चालता झाला. मीच बंद केलं, असं दादा बोलला नाही.

मामा न जेवताच निघाला. दादानं त्याला वाटेत गाठून पाय धरले. तर मामाच त्याची समजूत घालायला लागला. दादानं परत येऊन मला ते सांगितलं, तेव्हा मुंडावळ्यांसकट रडले मी.

"आवाज झ्याक हाय रं तुजा," मामा म्हणाला होता. "पन धाकट्या भाचीच्या लग्नात नुसतं 'मामा आला' येवडंच वाजव."