कंपाउंडची अकरा पोती

पेडणे तालुक्यात माझ्या नजरेला अजून मान आहे. काका मोकळ्या जागेकडे बघतात आणि चिरे किती लागतील ते सांगतात, असं लोक म्हणतात. ते खोटं नाही. आयुष्यभर मी बांधकामांवर सुपरवायझर होतो आणि चिऱ्यांचा अंदाज माझा फारसा कधी चुकला नाही. म्हणून एकदा जेव्हा चुकला, तेव्हा चूक माझी असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. एवढ्या वर्षांच्या प्रामाणिकपणाचा असाही उपयोग होतो.

मोप्याला विमानतळ सुरू झाला तसं डिचोलीच्या एका व्यापाऱ्याने पठाराच्या अंगाला लॉज बांधायला घेतलं. मी निवृत्त होऊन पार्से गावातल्या माझ्या घरी काजूच्या बागेत फिरत होतो. तो गाडी घेऊन आला. "काका, देखरेखीला तुम्हीच पाहिजे. बाकीचे मला फसवतील." मी गेलो.

वरच्या मजल्यावर खोल्या पाडायच्या होत्या त्या जिप्सम बोर्डाच्या. म्हणजे पत्र्याची चौकट उभी करायची, तिला दोन्हीकडून पाट्या मारायच्या, पाट्यांच्या सांध्यांवर कागदी पट्टी चिकटवायची आणि त्यावर कंपाउंडचे तीन हात द्यायचे. कंपाउंड म्हणजे पाण्यात कालवायची पांढरी पावडर. सुकली की घासायची, मग सांधा दिसत नाही. मला यातलं काही येत नव्हतं. पण मालकाने "कंपाउंड किती मागवू?" असं विचारलं तेव्हा मी टेप काढला. भिंतींची लांबी घेतली, उंची घेतली, उभे-आडवे सांधे धरले, तीन हात धरले, स्क्रूची डोकीसुद्धा धरली. आमच्याकडच्या दमट हवेत किती माल बादलीतच खराब होईल तेही धरलं. "अकरा पोती," मी म्हणालो. दहा म्हटलं असतं तर अंदाजपंचे वाटलं असतं.

चिऱ्याची भिंत एकदाच मोजतात. लांबी, उंची, जाडी, झालं. सांध्यातला माल आरपार जातो, त्याला मागची बाजू वेगळी नसते. हाताला तीच सवय. जिप्समची भिंतही मी एकदाच मोजली.

काम करणारा मेस्त, म्हणजे मिस्त्री, खानापूरकडचा होता. बरोबर गावातलीच सात-आठ माणसं, त्यात त्याचा मेहुणा. मेस्त एकेक खोली दोन्ही बाजूंनी पुरी करत पुढे जायचा. बरोबर निम्म्या खोल्या झाल्या आणि कंपाउंड संपलं.

चहाच्या वेळी मालक आला होता. सगळे पायरीवर बसून उंडा पावाबरोबर चहा घेत होते. मालक म्हणाला, "काका, अकरा म्हणाला होतात ना?"

"अकराच लागतात," मी म्हणालो. "निम्मं काम झालंय, म्हणजे साडेपाच लागली. उरलेली साडेपाच कुठे गेली ते मेस्ताला विचार."

हिशोब इतका चोख बसत होता, की मला स्वतःलाच कौतुक वाटलं.

मेस्त उठला. "पोती भिंतीवर हाईत ओ काका. मोजताना दोन्हीकडचं सांधं धरलासा न्हवं?"

त्याचं वाक्य संपायच्या आत मला कळलं. समोर अर्धवट भिंत होती, ह्या अंगाने पांढऱ्या पट्ट्या आणि त्या अंगाने पांढऱ्या पट्ट्या. आंधळ्यालाही दिसलं असतं. पण मालक माझ्याकडे बघत होता.

"मला मोजायला शिकवतोस?" मी म्हणालो. "पोती विकलीस ती विकलीस, वर तोंड करतोस?"

त्याने चहा खाली ठेवला. मेहुणा आपला उंडा खात राहिला.

दुसऱ्या दिवशी मेस्त साइटवर नव्हता. माणसं मेहुण्याच्या हाताखाली गेली. मी आणखी बारा पोती मागवली, "नासाडी धरून" म्हटलं, आणि ती सगळी लागली. कुणी काही विचारलं नाही. मालक चार लोकांत सांगू लागला, "काकांमुळे चोर सापडला." पुढे देवळाच्या सभागृहाच्या कामावर लक्ष ठेवायला समितीने एकमताने माझं नाव घेतलं. मी आढेवेढे घेतले, ते विनय म्हणून धरले गेले.

मेस्त आमोण्याला एका घराचं काम करतोय असं या वर्षी कळलं. मी बस धरून गेलो. तो परातीत गिलावा कालवत होता. केस पिकले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, वाटेत पाठ केलं होतं तसं.

त्याने ऐकून घेतलं. "मला कशाला सांगतासा? मी चोरी केली न्हाई हे मला ठावं हाय की. मेहुण्याला सांगा. त्यो अजून सणाला जेवायला आला की विचारतोय, पोती किती इकलीस म्हणून. पोरांच्या म्होरं. लावा फोन."

मी लावला, स्पीकरवर. चूक माझी होती म्हणून सांगितलं. पलीकडून मेहुणा हसला. "व्हय की काका. मागनं बारा पोती लागली तवाच कळलं मला. जुनं झालं ते, आता कशाला उकरतासा?"

मेस्ताने हात पुढे करून फोन बंद केला. या गोष्टीत खोटारडा एकच, मी, असं मी इतके दिवस धरून चाललो होतो. दुसराही होता आणि माझ्या गप्प बसण्यावर त्याने आपली कामगारांची गँग उभी केली होती.

"लिहून द्या," मेस्त म्हणाला. "तोंडी सांगितलेलं माझ्या घरात आता कोण मानायचं न्हाई. बायको वाचती."

मी डायरीचं पान फाडलं. तारीख घातली, कामाची जागा घातली, आणि अक्षर नीट काढून लिहिलं, की कंपाउंडचा अंदाज मी एकाच बाजूचा केला होता, लागायची तेवढीच पोती लागली, आणि मेस्ताबद्दल माझा गैरसमज झाला.

त्याने वाचलं आणि पान परत दिलं.

"गैरसमज न्हवं काका. तुमचं तोंड बघत हुतो मी. तुम्हाला समजलं हुतं."

मी गैरसमजाचं वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं, 'मला तेव्हाच कळलं होतं.' मग सही केली.